टू-डी इको करायच्या आधी आणि रिपोर्ट हातात आल्यावर: हार्टचं पंपिंग नीट कसं बघायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यातून इकोला येणाऱ्या बऱ्याच पेशंटच्या चिठ्ठीवर फक्त "टू-डी इको", म्हणजे हार्टची सोनोग्राफी, एवढंच लिहिलेलं असतं, का करायचा आणि त्यात काय शोधायचं याचा पत्ताच नाही. मग रिपोर्ट मिळाला की घरची माणसं त्यातला एकच आकडा शोधतात, ईएफ किती, म्हणजे एका ठोक्यात हार्ट किती टक्के रक्त बाहेर टाकतं. साठ म्हटलं की सगळे सुटले, चाळीस म्हटलं की घरात रडारड सुरू. मी फिजिशियन आहे, इको करणं हे माझं रोजचंच काम, आणि माझं सांगणं एवढंच की हा एक आकडा म्हणजे हार्टचा निकाल नव्हे. कुठल्या प्रश्नासाठी इको केला ते ठाऊक नसेल तर साठवाल्याचाही आजार नजरेतून सुटतो, आणि चाळीसवाला योग्य औषधांवर व्यवस्थित शेत कसत असतो.

घरात बीपी, शुगर, अटॅक येऊन गेलेला, अँजिओप्लास्टी, बायपास, वाल्वचा त्रास, केमो चाललेली, असं कुणीही असेल तर हे शेवटपर्यंत वाचा आणि जवळ ठेवा.

आधी माणूस बघा, मशीन नंतर

व्हेंट्रिकल म्हणजे हार्टचे खालचे दोन कप्पे, शाळेत जवनिका म्हणून शिकलो ते. डावा कप्पा सगळ्या अंगाला रक्त ढकलतो, उजवा फक्त फुफ्फुसाला. यांचं काम कमी पडायला लागलं की पहिली खूण रिपोर्टात नाही तर घरात दिसते, फक्त ती विचारून काढावी लागते. "दम लागतो का?" असं विचारलं तर आपल्याकडच्या निम्म्या बायका सरळ "नाही" म्हणतात, कारण त्यांनी दम लागेल असं काम करणं कधीच सोडून दिलेलं असतं. म्हणून मी असं विचारतो, आज्जी, नळ आला की पाणी कोण भरतं? मग उत्तर येतं, "भरतो की मीच, पण आता घागर अर्धीच उचलतो बाबा, हातपाय गळून जाऊलेत." झालं, हीच ती खूण. गेल्या वर्षी यल्लूरच्या राजहंसगडावर न थांबता चढलेला माणूस यंदा अर्ध्या वाटेत दोनदा बसला तर ते वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

अजून दोन प्रश्न. रात्री झोपताना उशा किती लागतात, पूर्वी एक होती आणि आता दोन-तीन झाल्या का? आणि मध्यरात्री धाप लागून उठून बसावं लागतं का, खिडकी उघडावीशी वाटते का? या दोन्हीला "होय" असेल तर इकोची तारीख पुढच्या महिन्याची घेऊन चालत नाही.

पायाची सूज बघायची तर घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा चांगला पाच-सहा सेकंद दाबून धरा आणि उचला, खड्डा तसाच राहिला तर पाणी साठलंय. पण इथे एक सांगतो, बीपीची अॅम्लोडिपिन नावाची गोळी खूप जणांना चालू असते आणि तिच्यानेही पाय सुजतात, हार्ट एकदम ठीक असतानासुद्धा. किडनीमुळे, लिव्हरमुळे, दिवसभर पाय सोडून बसल्यानेही सुजतात. त्यामुळे सूज दिसली की हार्ट गेलं असं नाही, आणि सूज नाही म्हणजे हार्ट चांगलं असंही नाही. मानेची शीर जास्त खरं बोलते. पेशंटला साधारण ४५ अंशात मागं टेकवून बसवायचं, मान थोडी डावीकडे वळवायची आणि उजव्या बाजूला शिरेचं फडफडणं किती उंचीपर्यंत दिसतंय ते बघायचं, ते डॉक्टरांचं काम आहे, पण तुमच्या डॉक्टरांनी ते बघितलं तर समजा की तपासणी मन लावून चाललीय.

इकोच्या आधी ज्या साध्या तपासण्या होतात त्यांना कमी लेखू नका. ईसीजी अगदी पूर्ण नॉर्मल असेल तर डाव्या कप्प्याचं पंपिंग खूप खराब असण्याची शक्यता कमी असते. एलबीबीबी म्हणजे हार्टच्या डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेत अडथळा, जुन्या अटॅकच्या खुणा, एएफ म्हणजे अनियमित ठोके, यातलं काही दिसलं तर इको लागतोच. छातीच्या एक्सरेत हार्ट मोठं दिसलं तर तो उभं राहून काढलेला आहे का ते विचारा, झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये चांगलं हार्टसुद्धा फुगलेलं दिसतं. आणि एक रक्ताची तपासणी आहे, एनटी-प्रोबीएनपी. भिंतींवर ताण पडला की हार्ट स्वतःच तो पदार्थ सोडतं. ओपीडीत आलेल्या माणसाचा १२५ च्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर, म्हणजे हार्टचं काम कमी पडणं, असण्याची शक्यता कमी, आणि इमर्जन्सीत अचानक धाप लागून आलेल्याचा ३०० च्या खाली असेल तर धापेचं कारण बहुतेक दुसरीकडे शोधायचं. वय, किडनीचा आजार आणि एएफ यांच्यामुळे आकडा वाढतो, लठ्ठ माणसात तो खोटा कमी येतो, हे ध्यानात ठेवूनच वाचायचा.

चिठ्ठीवर प्रश्न लिहून घ्या

रेफर करणाऱ्या डॉक्टरांना सरळ म्हणा, "सर, इको कशासाठी ते चिठ्ठीवर लिहून द्या." कुणी रागावत नाही. "बीपी दहा वर्षं, आता जिना चढताना धाप, कप्प्याचं भरणं कसं आहे बघा" असं लिहिलं की इको करणारा भरण्याचे आकडे मन लावून घेतो. "अटॅकला दोन महिने, खालच्या भिंतीची हालचाल सुधारली का" लिहिलं की तो त्या भिंतीवर थांबतो. "केमोचं डॉक्सोरुबिसिन चालू, आधीचा रिपोर्ट जोडलाय, तुलना करा" लिहिलं की तो जुने आकडे समोर ठेवतो. काहीच लिहिलं नसेल तर तो साच्यातला रिपोर्ट देतो, आणि त्यात त्याची तरी काय चूक.

जाताना जुने सगळे इको रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. निपाणीचा माणूस कोल्हापूरला इको करतो, पुढच्या वेळी बेळगावला, अथणीचा मिरजेला जातो, आणि प्रत्येक ठिकाणी जणू हार्ट पहिल्यांदाच दिसतंय अशी सुरुवात होते. सीमेवर राहणाऱ्यांच्या बाबतीत हे इतकं घडतं की मी हे ओरडून सांगतो, फाइल हॉस्पिटलची नाही, तुमची आहे, ती तुमच्याबरोबर फिरली पाहिजे. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण पूर्ण पान दिसलं पाहिजे, नुसती शेवटची "इम्प्रेशन"ची ओळ नको.

साध्या इकोला उपाशी राहायची गरज नाही. बेळगावला यायचं म्हणून पहाटेपासून शुगरचा पेशंट उपाशी बसवून आणतात आणि इथे येऊन त्याला चक्कर येते, असं करू नका. नेहमीच्या गोळ्या वेळेवर द्या, बीपीची तर नक्कीच. उपाशी राहायला लागतं ते तोंडातून नळी घालून करतात त्या टीईई इकोला, आणि व्यायामाने किंवा औषधाने हार्टवर ताण देऊन करतात त्या स्ट्रेस इकोला काही तास, त्यावेळी गोळ्यांचं काय करायचं ते सेंटरवाले सांगतील ते ऐकायचं. कपडे पुढून उघडणारे घाला. बायकांना संकोच वाटतो, तर सोबत घरची बाई आत थांबू दे किंवा नर्स थांबू दे असं स्पष्ट सांगा, तो तुमचा हक्क आहे.

आत गेल्यावर काय होतं

छातीला ईसीजीच्या तीन चकत्या लावतात, डाव्या कुशीवर वळवतात, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात म्हणजे बरगड्यांमधली जागा उघडते आणि हार्ट छातीच्या भिंतीजवळ येतं. थंड जेल लावून प्रोब टेकवला की स्क्रीनवर आधी नुसतं करडं धुकं दिसतं, मग प्रोब जरा तिरका केला, पेशंटला "श्वास सोडा, थांबा" म्हटलं की एकदम चारही कप्पे उघडे होतात. त्यातला डावा खालचा कप्पा बघताना नजर पोकळीवर नाही, भिंतीवर ठेवायची असते. चांगली भिंत नुसती आत सरकत नाही, ती जाड होते. अटॅकमध्ये मेलेला भाग शेजारच्या भिंतीच्या ओढीने थोडा हलतो, बघणाऱ्याला वाटतं चाललंय की, पण तो जाड होत नाही, पातळ पांढरट पट्टीसारखा नुसता ओढला जातो. हा फरक बघायला वेळ लागतो. म्हणून पाच मिनिटांत उरकलेला इको मला पटत नाही, नीट करायचा तर वीस मिनिटं ते अर्धा तास जातोच, ठोके अनियमित असतील तर अजून जास्त, कारण एएफमध्ये प्रत्येक ठोका वेगळा असतो आणि चार-पाच ठोक्यांची सरासरी काढावी लागते.

उंची, वजन आणि त्या वेळचं बीपी रिपोर्टवर लिहिलेलं असलं पाहिजे. नसेल तर घ्यायला सांगा. पाच फुटी आज्जीचा कप्पा आणि सहा फुटी पैलवानाचा कप्पा एकाच मापाने मोजता येत नाही. आणि बीपी २०० च्या वर असताना काढलेला ईएफ कमी दिसू शकतो, कारण हार्ट त्या दाबाविरुद्ध ढकलत असतं, बीपी उतरलं की तोच ईएफ वर येतो.

आता तो ईएफ

कप्पा पूर्ण भरला तेव्हा त्यात जितकं रक्त होतं त्यातलं किती टक्के एका ठोक्यात बाहेर गेलं, तो ईएफ. शंभर कुणाचाच नसतो, त्यामुळे "साठच टक्के हार्ट चाललंय, चाळीस टक्के बंद पडलं" असं समजून घाबरणाऱ्यांनी आधी हे वाचा. नेहमीच्या मापात पुरुषांचा ५२ ते ७२ आणि बायकांचा ५४ ते ७४ हा नॉर्मल. ४१ पासून नॉर्मलच्या खालपर्यंत थोडा कमी, ३० ते ४० मध्यम कमी, ३० च्या खाली खूप कमी.

पण तीन माणसं घेऊया. पहिल्याचा कप्पा १२० मिली भरतो, ७० बाहेर टाकतो, ईएफ ५८. दुसऱ्याचा हार्ट फुगून कप्पा २०० मिलीचा झालाय, तोही ७० च टाकतो, ईएफ ३५. तिसऱ्या आज्जी, वर्षानुवर्षं बीपी, भिंती जाड झाल्या आणि आतली जागाच कमी उरली, कप्पा ७० मिलीच भरतो आणि ४२ टाकतो, ईएफ बरोबर ६०. आता सांगा, आकडा सगळ्यात चांगला कुणाचा आणि अंगाला रक्त सगळ्यात कमी कुणाला मिळतंय? आज्जींनाच. आणि त्यांनाच घरी सांगितलं जातं की इको नॉर्मल आहे, दम वयामुळे. म्हणून ईएफच्या शेजारी कप्प्याचं माप आणि भिंतीची जाडी वाचायचीच. रिपोर्टात एलव्हीआयडीडी असं लिहितात ते भरलेल्या कप्प्याचं माप, पुरुषांत साधारण ४२ ते ५८ मिमी, बायकांत ३८ ते ५२. भिंत पुरुषांत १० मिमीपर्यंत आणि बायकांत ९ पर्यंत ठीक.

पुढची गोष्ट, ईएफ काढला कसा. रिपोर्टात "बायप्लेन सिम्प्सन" लिहिलं असेल तर कप्पा दोन बाजूंनी आखून काढलाय, हे चांगलं. एम-मोड किंवा टाइकहोल्झ लिहिलं असेल तर एकाच रेघेवरून सगळ्या कप्प्याचा अंदाज बांधलाय, आणि अटॅक येऊन गेलेल्या हार्टमध्ये हा अंदाज सपशेल फसतो, कारण ती रेघ चांगल्या भिंतीतून गेली तर ६० येतो आणि टोकाकडचा भाग मेलेला तसाच राहतो. कॅम्पात घाईने केलेल्या इकोत हे फार होतं. अनुभवी डॉक्टरने नजरेने काढलेला अंदाज वाईट नसतो, पण तसं लिहिलेलं असावं.

आणि ५५ चा ५० झाला म्हणून रात्रभर जागू नका. एकाच माणसाचा इको दोघांनी केला तर पाच ते दहाचा फरक सहज पडतो. खरा बदल आहे की मोजणीतला फरक आहे हे कळायला एकाच सेंटरला, जमलं तर एकाच मशीनवर इको करत राहणं बरं.

ईएफ चांगला म्हणजे ब्लॉक नाही, असं मात्र अजिबात समजू नका. आराम करताना केलेला इको रक्तवाहिन्या दाखवत नाही, भिंतींची हालचाल दाखवतो. मोठा ब्लॉक असूनही बसल्या जागी भिंत नीट हलू शकते, ताण पडल्यावरच ती मागे पडते. चालताना छातीत दाटून येत असेल आणि इको नॉर्मल असेल तर तपास तिथे संपत नाही, स्ट्रेस टेस्ट, स्ट्रेस इको, सीटी अँजिओ किंवा सरळ अँजिओग्राफी यातलं काय ते डॉक्टर ठरवतात. शुगरवाल्यांना तर छातीत दुखतही नाही, नुसता थकवा आणि घाम.

आरडब्ल्यूएमए असा शब्द दिसला तर कुठल्या तरी भागाची हालचाल कमी आहे. हायपोकायनेशिया म्हणजे कमी हलते, अकायनेशिया म्हणजे हलतच नाही, डिसकायनेशिया म्हणजे उलट बाहेर फुगते. समोरची भिंत, टोक आणि दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा पुढचा भाग बहुतेक एलएडी या हार्टच्या रक्तवाहिनीचा, खालची भिंत बहुतेक आरसीएची, बाजूची सर्कम्फ्लेक्सची. अटॅकनंतरच्या पहिल्या दिवसांत गप्प पडलेली भिंत मेलेलीच असते असं नाही, कधी कधी ती सुन्न झालेली असते आणि काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागते. म्हणूनच अटॅकनंतर निदान ४० दिवस जाऊ देऊन आणि अँजिओप्लास्टी-बायपास झालं असेल तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा इको करायचा असतो, आणि पूर्ण औषधं घेऊनसुद्धा तेव्हा ईएफ ३५ किंवा खाली राहिला तर आयसीडी, म्हणजे जीवघेणे ठोके सुरू झाले तर आतून शॉक देणाऱ्या मशीनचा विचार होतो. हा दुसरा इको आपल्याकडे सर्रास राहून जातो. स्टेंट पडला, माणूस चालाफिरायला लागला, ऊसतोड सुरू झाली, कोण जातंय परत. जा. तोच इको सगळ्यात महत्त्वाचा.

ग्रेड वन आणि घाबरलेली घरं

रिपोर्टात "ग्रेड १ एलव्ही डायस्टोलिक डिसफंक्शन" असं वाचून रात्री दहाला फोन करणारे नातेवाईक मला दर आठवड्याला भेटतात. साठीच्या पुढे, आणि बीपी असेल तर त्याआधीच, ही ओळ भरपूर रिपोर्टात येते. भिंत थोडी ताठ झालीय, सैल पडायला जरा वेळ लावते, एवढाच त्याचा अर्थ, आणि दम नसेल तर बीपी-शुगर ताब्यात ठेवणं, वजन आणि मीठ कमी करणं यापलीकडे तातडीने काही करायचं नसतं. ग्रेड २ आणि ३ मात्र वेगळी गोष्ट, तिथे कप्प्यातला दाब वाढलेला असतो आणि तो मागे फुफ्फुसात जातो. मोटरपंप नवाकोरा असला तरी विहिरीत झरा उतरत नसेल तर शेताला पाणी मिळत नाही, तसं हे भरण्याचं दुखणं आहे, ढकलण्याचं नाही.

हे बघायला तीन-चार आकडे एकत्र वाचतात, एकटा कुठलाच नाही. ई बाय ई प्राइम म्हणजे भरताना कप्प्यात किती दाब आहे त्याचा अंदाज, त्याची सरासरी १४ च्या वर, डाव्या वरच्या कप्प्याचं माप शरीराच्या हिशोबाने ३४ मिलीच्या वर, टीआर व्हेलॉसिटी, म्हणजे उजव्या बाजूच्या वाल्वमधून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग, २.८ मीटरच्या वर, आणि ई प्राइम, म्हणजे भिंत सैल पडण्याचा वेग, पडद्याकडे ७ च्या खाली किंवा बाजूला १० च्या खाली. यातले निम्म्याहून जास्त बिघडलेले असतील आणि माणसाला दम असेल, तर ईएफ ६० असला तरी ते हार्ट फेल्युअरच असू शकतं, त्याला एचएफपीईएफ म्हणतात. वयस्कर, जाड, बीपी आणि शुगर दोन्ही असलेल्या बायकांत हे खूप. यांना "नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांच्यासाठी आता डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारखी औषधं आहेत, पूर्वी हातात फक्त पाणी उतरवायची गोळी होती.

उजव्या कप्प्याकडे कोण बघतं? बऱ्याचदा कुणीच नाही. निपाणीकडे विड्या वळण्यात, तंबाखूच्या धुळीत आणि चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायका येतात, बिडी ओढणारे म्हातारे येतात, जुना टीबी होऊन फुफ्फुस आखडलेले येतात, यांचा डावा कप्पा ठणठणीत आणि पाय सुजलेले, पोट फुगलेलं. तिथे त्रास उजव्या कप्प्याला असतो. टॅप्सी नावाचा आकडा बघा, ठोक्याला उजवा कप्पा किती सरकतो ते तो सांगतो, १७ मिमीच्या खाली असेल तर उजवी बाजू दमलीय. रिपोर्टात टॅप्सी आणि पीए प्रेशरचा, म्हणजे फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतल्या दाबाचा, अंदाज नसेल तर विचारायला लाजू नका.

आकडा फसवतो अशा जागा

डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधला मायट्रल वाल्व गळत असेल तर ईएफ खोटा चांगला दिसतो, कारण निम्मं रक्त सोप्या वाटेने मागे जातं आणि कप्प्याला वाटतं आपण छान रिकामे होतोय. जोरात गळणाऱ्या वाल्वमध्ये ईएफ ६० किंवा खाली आला, किंवा रिकाम्या कप्प्याचं माप ४० मिमी झालं, तर ऑपरेशनबद्दल सर्जनला भेटायची वेळ झालीय. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन वाल्व खराब झालेली माणसं आपल्या भागात अजून आहेत, त्यांच्या घरच्यांनी हे खास लक्षात ठेवा.

केमो घेणाऱ्यांचा पहिला इको केमो सुरू व्हायच्या आधी झाला पाहिजे, नंतर केला तर तुलना कशाशी करणार? डॉक्सोरुबिसिनसारखी औषधं आणि ट्रास्टुझुमॅब यांच्यात हे महत्त्वाचं, ट्रास्टुझुमॅब चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी. तिथे जीएलएस म्हणजे स्ट्रेन, भिंत लांबीला किती आखडते तो आकडा, मागून घ्या, नॉर्मल साधारण उणे २० च्या आसपास, आणि आधीच्या आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घसरला तर ईएफ अजून चांगला असतानाच सावध होता येतं. स्ट्रेन मात्र एकाच कंपनीच्या मशीनवर मोजत राहायचा.

बाळंतपणाचा शेवटचा महिना ते बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत धाप आणि सूज वाढत असेल तर "बाळंतिणीला असं होतंच" म्हणून काढा देत बसू नका, लगेच इको. पेरिपार्टम कार्डिओमायोपथी, म्हणजे बाळंतपणाच्या काळात हार्ट कमजोर होणं, वेळेत सापडली तर खूप जणींचं हार्ट पूर्ण सुधारतं. सासूबाई, आई, नणंद, ज्या कुणी बाळंतिणीजवळ असाल त्यांना हे माहीत असू दे.

छाती धुराने फुगलेली किंवा माणूस खूप जाड असेल तर चित्रच दिसत नाही. रिपोर्टात "पुअर विंडो" लिहिलेलं असेल तर त्यातल्या ईएफवर भार टाकू नका. अशा वेळी कॉन्ट्रास्ट घालून इको किंवा कार्डिअॅक एमआरआय. एमआरआय हे कप्प्याचं माप काढायचं सगळ्यात भरवशाचं साधन, शिवाय जखमेचा डागही दाखवतो, पण प्रत्येकाला लागत नाही.

रिपोर्ट घेऊन घरी आल्यावर

ईएफ ४० किंवा कमी असेल तर आज औषधांचे चार गट आहेत आणि चारही लवकर सुरू करून डोस हळूहळू वाढवायचे असतात, गोळ्या कुठल्या ते तुमचे डॉक्टर बीपी, किडनी, पोटॅशियम बघून ठरवतील. तीन महिन्यांनी ईएफ ३० चा ५० झाला की मात्र पेशंट स्वतःच म्हणतो, आता बरा झालो, गोळ्या पुरे. ट्रेड-एचएफ नावाचा अभ्यास २०१९ साली लॅन्सेटमध्ये आला, त्यात हार्ट फुगलेल्या पण औषधाने पूर्ण सुधारलेल्या पेशंटांची औषधं हळूहळू बंद करून बघितली, सहा महिन्यांत २५ पैकी ११ जणांचा आजार परत आला, आणि ज्यांनी औषधं चालू ठेवली त्या २६ जणांत एकाचाही नाही. सुधारलेला ईएफ हा गोळ्यांनी धरून ठेवलेला ईएफ असतो.

सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढेच कपडे घालून वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते खाण्याचं नाही, पाण्याचं वजन आहे, फोन करा. यात्रा, लग्न, गणपती झाले की हे हमखास होतं, लोणचं, पापड, खर्डा, सुकं मासं, मिठाचा हिशोबच राहत नाही.

पुन्हा इको कधी? तब्येत स्थिर असेल, गोळ्या बदलल्या नसतील तर दर दोन महिन्यांनी इको करून पैसे घालवू नका. त्रास बदलला, औषधाचे डोस पूर्ण झाले, अटॅक किंवा ऑपरेशन झालं, वाल्वचा आजार आहे, केमो आहे, तर करा. खर्चासाठी बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक कार्ड आधी काढून ठेवा, आजार झाल्यावर कागद गोळा करत धावायला लागू नये, आणि कुठली तपासणी त्यात बसते ते काउंटरला आधी विचारा. काउंटरला कन्नडमध्ये बोलणारं घरातलं पोरगं असेल तर त्याला बरोबर न्या, पण आत डॉक्टरसमोर पेशंटला स्वतः बोलू द्या.

आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, किंवा अचानक झोपता येईना अशी धाप, असं काही झालं तर इको सेंटर शोधत फिरू नका, त्या वेळी इको ही पहिली तपासणी नाहीच. जवळच्या तालुका हॉस्पिटलला जाऊन आधी ईसीजी काढा. पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत कर्नाटकातल्या तालुका हॉस्पिटलांत ईसीजी काढून तो मोठ्या सेंटरच्या डॉक्टरांना पाठवतात आणि अटॅक असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देतात, मग पुढे बेळगावला हलवतात. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, आणि ती रिपोर्टची पिशवी पेशंटच्या उशाशी ठेवून द्या.